ना घरचा, ना घाटावरचा

वर्षभर या सदरातून आपण घरातल्या मुक्या मंडळींविषयी बोलत असतो. आज दिवाळी अंकाच्या निमित्ताने जरा पाय पसरून बसू आणि फक्त कुत्र्यांविषयी बोलू. मी कॉलेजात मराठी शिकवते; पण लोणावळ्याच्या बाजारात मला थांबवून कोणी व्याकरण विचारल्याचे आठवत नाही. विचारतात ते असे: "बाई, आमचा मोती कालपासून जेवला नाही, काय करू?" याला कारण माझे वडील. ते मुंबईला परळच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलेले जनावरांचे डॉक्टर. त्यांची बॅग धरून मावळातल्या गोठ्यागोठ्यांतून मी लहानपणी हिंडले, आणि ज्ञानेश्वरी हाती येण्याच्या कितीतरी आधी गोचीड कशी काढावी हे मला येत होते.

आमच्या लोणावळ्यात कुत्र्यांच्या दोन जाती. एक बारमाही आणि दुसरी हंगामी. बारमाही म्हणजे गावातली, वाड्यावस्त्यांवरची, स्टेशनच्या फलाटावरची. हंगामी जात मे महिन्यात मोटारीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून येते. तुंगार्ली, वलवण, खंडाळा या बाजूंचे बंगले उघडतात, हिरवळीवर चेंडू फेकले जातात, मुले खिदळतात. मग शाळा सुरू होतात. मोटारी परत जातात आणि त्यांतल्या काही मोटारींच्या खिडक्या जाताना रिकाम्या असतात. "मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्याची कोंडी होते हो, इथली हवा त्याला मानवेल. माळी आहेच बघायला!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे वाक्यपृथक्करण वर्गात करून दाखवता येईल. 'धोबी का कुत्ता, न घर का न घाट का' ही म्हण आपण हिंदीतून घेतली आणि तिच्यातला घाट हा धोब्याचा, नदीकाठचा. पण या कुत्र्यांना ती आपल्या बोरघाटासकट लागू पडते.

पाळलेले जनावर सोडून देणे हा नुसता निर्दयपणा नाही, कायद्याने गुन्हाही आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात तसे स्पष्ट कलम आहे. इतकेच नव्हे, तर कुत्रे कायम साखळीला बांधून त्याला फिरवून न आणणे हेही त्याच कायद्यात गुन्ह्यांच्या यादीत बसते. तेव्हा पिल्लू घ्यायचे झाले तर हिशेब सुटीचा नको, बारा-तेरा वर्षांचा मांडावा. तिसरीतल्या मुलीचा हट्ट म्हणून आज आणलेले कुत्रे म्हातारे होईल तेव्हा ती कॉलेजात असेल, आणि त्याला सकाळी फिरवायला कोण नेईल ते आईने आजच मनाशी ठरवून ठेवावे.

आता कोणते कुत्रे? इथे लोक चित्र पाहून निवडतात. हस्की, सेंट बर्नार्ड ही बर्फातल्या प्रदेशांत वाढलेली केसाळ मंडळी. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपले टॉवेल जिथे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथे त्या दुहेरी लोकरीखालची कातडी कशी वाळणार? मला विचाराल तर आपले गावठी पिल्लू या हवेला सर्वांत उत्तम. केस आखूड, पोट चिवट, डोके तल्लख. दिमाखच हवा असेल, तर आपल्याकडचा कारवानी किंवा मुधोळ कुत्राही काही कमी नाही. मुधोळच्या कुत्र्याचे चित्र २००५ साली टपाल खात्याने तिकिटावर छापले. मात्र तो धावण्यासाठी जन्मलेला प्राणी. दोन खोल्यांच्या घरात त्याला डांबणे म्हणजे त्याचीही शिक्षा आणि आपलीही. पिल्लू कुठलेही असो, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. चावा किती जोरात घ्यायचा नाही, हा पहिला धडा ते आईपाशी आणि भावंडांत शिकते. तो चुकला तर पुढे आपल्या बोटांवर शिकवावा लागतो.

खाण्याचा विषय निघाला की मला नामदेवांची गोष्ट आठवते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. गोष्ट भक्तीची आहे, आहारशास्त्राची नाही! फार तूप, तळण, मटणाची चरबी यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड सुजते आणि ते दुखणे जिवावरचे असते. दुसऱ्या टोकाला आहे आपल्या घरोघरचा दूध-पोळीचा काला. माया त्यात भरपूर, पण नुसत्या त्यावर कुत्रे नीट वाढत नाही. मोठेपणी पुष्कळ कुत्र्यांना दूध पचतही नाही. हगवण लागली की आपण हवेला दोष देतो. त्याला मांसाचे सत्त्व हवे: अंडे, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी किंवा मासळी काटे काढून. जोडीला मऊ भात किंवा भाकरी, थोडा तांबडा भोपळा, गाजर, चमचाभर दही. शाकाहारी घरात अंडे चालत असेल तर निम्मा प्रश्न सुटला. तेही चालत नसेल तर डॉक्टरांना विचारूनच ताट ठरवावे. तयार खाद्य आणता येत असेल तर ते पिल्लाचे की मोठ्या कुत्र्याचे एवढे पाहून आणावे. पिल्लाला चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, मग तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरे. किती घालावे, याला वजनकाटा लागत नाही. बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना दिसता कामा नयेत.

खरी काळजी आहे ती आपल्या फराळाची. दिवाळीच्या चार दिवसांत कुत्र्यासमोर जे ठेवले जाते ते पाहून माझा जीव खालीवर होतो. बेदाणे, मनुका आणि द्राक्षे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि एखादा थोडक्यात जातो, म्हणून 'आमच्या टिपूने मागच्या वर्षी खाल्ला होता' हा पुरावा नव्हे. आता बेसनाच्या लाडवावर बेदाणा असतो, चिवड्यात बेदाणा असतो. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा तळलेले, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणजे लसणीची शेव गेली, आणि रविवारच्या रश्शात बुडवलेली पोळीही गेली. चॉकलेट विषारी, आणि जितके काळे तितके अधिक. लोणावळ्याला आलेला पाहुणा चिक्की आणि चॉकलेटचा फज घेतल्याशिवाय परतत नाही, आणि ती पिशवी हमखास मोटारीच्या मागच्या आसनावर कुत्र्याशेजारी ठेवतो. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो तर याहून वाईट. यांतले काही पोटात गेले तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नये. काय खाल्ले, किती आणि केव्हा, हे कागदावर लिहून तडक डॉक्टर गाठावा. शिजवलेली हाडेही नकोत. शिजल्यावर ती ठिसूळ होतात आणि त्यांच्या सुया आतड्यात रुततात.

पावसाळ्याचा मुख्य शत्रू म्हणजे गोचीड. रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीखाली बोट फिरवून पाहावे. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावू नका, डांबराच्या गोळ्यांची पूड चोळू नका; ती कुत्रे चाटते आणि गोचिडीऐवजी तेच आजारी पडते. गोचिडीतून येणारा ताप फसवा असतो. कुत्रे नुसते मलूल होते, खात नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. दोन दिवस वाट पाहण्याचे हे दुखणे नव्हे. दुसरा धोका उंदरांच्या मुतातून येणाऱ्या लेप्टोचा. साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो. याची लस निघते आणि आपल्याकडे ती जरूर द्यावी. ताप पाहताना एवढे लक्षात असू द्या की कुत्र्याचे नेहमीचे तपमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असते. आपल्या मापाने ते पाहून घाबरून घरातली गोळी त्याला देऊ नका. माणसांच्या अंगदुखीच्या कितीतरी गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्याला विषासमान आहेत.

लशींचे वेळापत्रक डॉक्टर लिहून देतात, म्हणून इथे लांबण लावत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्हो, तीन महिने झाले की रेबीज, नंतर नेमाने दर वर्षी. जंताचे औषध तर पिल्लू पंधरा दिवसांचे झाल्यापासूनच सुरू होते. पण रेबीजपाशी मला थांबलेच पाहिजे, कारण दोन वर्षांपूर्वी श्रावणात घडलेली एक गोष्ट सांगायची आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका मुंबईकरांचा बंगला आहे. त्यांनी मे महिन्यात एक अल्सेशियन आणला आणि जूनमध्ये माळ्यावर सोपवून ते गेले. कुत्र्याचे नाव रेक्स. माळीबुवा सज्जन माणूस, पण साठीला आलेला. त्या धिप्पाड कुत्र्याला फिरवणे त्याच्या मनगटात नव्हते. रेक्स दोन महिने चार हात साखळीवर, पत्र्याच्या पडवीखाली, दिवसरात्र भुंकत होता. 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण ज्याने रचली त्याने साखळीचा कुत्रा पाहिला नसावा. एके दुपारी माळीबुवांची सात वर्षांची नात ताटलीत भाकरी घेऊन गेली, आणि तो खात असताना सांडलेला तुकडा उचलून द्यायला वाकली. त्याने तिचा हात धरला.

मला बोलावणे आले तेव्हा जखमेवर हळद आणि चुना थापलेला होता.

"बाई, रक्त थांबलंय बघा," आजी म्हणाली. "घाबरायचं काम नाही."

"मावशी, रक्ताचं राहू दे. आधी ते सगळं धुऊन काढायचं. साबण कुठे आहे?"

नळाखाली हात धरून, घड्याळ लावून, पंधरा मिनिटे साबणाने जखम धुतली. पोर रडत होती, आजी मला बोल लावत होती. पण रेबीजचा विषाणू जखमेत असेल तर तिथेच त्याला कमी करण्याचा याहून स्वस्त आणि मोठा उपाय नाही. हळद, चुना, तिखट, चहाची पूड यांतले काही लावू नये, जखम करकचून बांधू नये. रुग्णालयात निघालो तेव्हा आजीचा दुसरा धसका बाहेर आला. "पोटात चौदा टोचणार ना हो पोरीला?" ती भीती निराधार नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस, पोटात चौदा दिवस घ्यायची, आपल्या देशात अनेक दशके चालली आणि २००५ च्या सुमारास बंद झाली. आता इंजेक्शने दंडावर देतात. सरकारी रुग्णालयात सहसा चार खेपा असतात: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. जखम खोल असेल तर शिवाय जखमेतच एक सीरम टोचतात, आणि ते चुकवू नये. चौदाच्या धसक्याने पोरांचे चावे झाकून ठेवणारी घरे आजही आहेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जगातल्या कोणत्याही रुग्णालयात त्यावर भरवशाचा इलाज नाही. आणि वेळेवर लस घेतली तर हा रोग जवळजवळ हमखास टळतो. इतके सरळ गणित वैद्यकात क्वचितच सापडते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो असा: "कुत्र्याला लस टोचली आहे का?" माळीबुवा माझ्याकडे पाहू लागले. मी मुंबईला फोन केला. "टोचली असेल की, पाहून कळवतो," असे उत्तर आले. पाच दिवसांनी व्हॉट्सॅपवर कार्डाचा फोटो आला. शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची. त्या पाच दिवसांत त्या घरात कोणी धड जेवले नाही. रेक्सला दहा दिवस नजरेखाली ठेवायचे होते, कारण चावतेवेळी कुत्र्याच्या लाळेत रेबीज असेल तर ते सहसा दहा दिवसांत आजारी पडून मरते. माळीबुवा रोज सकाळी पडवीत जाऊन तो पाणी पितो का ते पाहून येत आणि गल्लीतूनच मला ओरडून सांगत, "बाई, प्याला!" दहा दिवस गेले. तो ठणठणीत राहिला, मुलीचा लशींचा क्रम पुरा झाला. हातावर वण आहे, तो राहील.

मुंबईहून निरोप आला: "नसती ब्याद, कोणाला तरी देऊन टाका." माळीबुवांनी देऊन टाकला नाही. साखळी काढली आणि मागच्या आवाराला जाळी मारून घेतली. लशीचे आणि खाण्याचे पैसे बंगलेवाल्यांनी द्यायचे, असे त्यांनी एरवी कधी न काढलेल्या आवाजात ठरवून घेतले. आणि त्याला ते हाक मारू लागले 'राजा'. रेक्स या लॅटिन शब्दाचा अर्थ तोच आहे हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग बरंच झालं, त्याला नव्यानं शिकवायला नको."

शिकवणे मात्र पुष्कळ होते, आणि ते माझ्या वाट्याला आले. कुत्र्याला माध्यमाचा प्रश्न नसतो. 'सिट' म्हणा की 'बस' म्हणा, त्याला दोन्ही सारखेच परके. पण घरात आजोबा 'बस', वडील 'सिट' आणि मुले 'डाऊन' म्हणू लागली की त्याचा गोंधळ उडतो, आणि मग ते हट्टी ठरते. शब्द एकच हवा, छोटा हवा, आणि सर्वांच्या तोंडी तोच हवा. बसले की त्याच क्षणी उकडलेल्या कोंबडीचा दाण्याएवढा तुकडा. उशिरा दिलेले बक्षीस कशाबद्दल हे त्याला कळत नाही; उशिरा दिलेला मार तर मुळीच नाही. घरात घाण केली म्हणून नाक घासणारे लोक अजून आहेत. त्याने कुत्रे एवढेच शिकते की या माणसासमोर करायचे नाही, सोफ्यामागे करायचे. त्यापेक्षा पिल्लू झोपून उठले, जेवले, खेळले की तिन्ही वेळा बाहेर न्यावे आणि योग्य जागी केले की कौतुक करावे. शेपूट नळीत घालणारी म्हण विसरा. वर्तन वळते, फार म्हातारपणीही वळते. राजा पाच वर्षांचा होता आणि तीन आठवड्यांत 'थांब' शिकला. तो खात असताना जवळ जायचे नाही, हे मात्र मुलीला शिकवले. ते त्याचे शिक्षण नव्हे, आपले.

रात्री त्याला आत घ्यायला लावले ते बिबट्यामुळे. मावळच्या डोंगरउतारावर राहणाऱ्यांना हे नवे नाही. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो उगाच नव्हे. फाटकाशी साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे राखणदार नव्हे, वाढलेले ताट. अंधार पडला की त्याला पडवीच्या आत, दार लावून ठेवावे. तिथून भुंकले तरी चोराला ऐकू जाते.

आणि आता फटाके. माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पलीकडे. आपल्याला जो नुसता बार, तो त्याला काय वाटत असेल याची कल्पना करावी. याच चार रात्री कुत्री कुंपणे तोडून पळतात आणि हमरस्त्यावर किंवा रुळांवर सापडतात. म्हणून गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर वसुबारसेलाच लिहून ठेवावा. संध्याकाळचे फिरणे आणि जेवण दिवेलागणीच्या आत उरकावे. घरातली सर्वांत आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, रेडिओ जरा मोठा, त्याचे नेहमीचे अंथरूण आणि पाण्याचे भांडे. पलंगाखाली शिरले तर ओढून काढू नये, शिरू द्यावे. जवळ बसून पाठीवरून हात फिरवला तर भीती वाढते, हा समज चुकीचा आहे, खुशाल बसावे. फारच घाबरणारे असेल तर झोपेचे औषध डॉक्टरांकडून आधीच आणून ठेवावे, ऐनवेळी आपल्या औषधांच्या डब्यात हात घालू नये. शेवटचा बार वाजल्यावरही लगेच दार उघडू नका. तासभर जाऊ द्या, मग साखळी लावून अंगणात न्या, आणि तिथे पडलेली फटाक्यांची दारू ते हुंगत नाही ना तेवढे पाहा.